रॉकेट उडवणाऱ्या लेकरांचा ‘थर्ड पार्टी’ कोण काढणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातल्या एका शाळेत मी १९ वर्षांपासून विज्ञान शिकवते. दर हिवाळ्यात आठवी-नववीची मुलं घेऊन आम्ही शहराबाहेर रॉकेटं उडवायला जातो. बहुतेक पाण्याचीच. दोन लिटरची थंड पेयाची बाटली, पुठ्ठ्याचे पंख, नाकाला मातीचा गोळा आणि हवा भरायला सायकलचा पंप, एवढंच सामान. न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर लिहून जेवढा कळतो, त्याच्या दसपट तो अंगावर पाणी उडाल्यावर कळतो.

गेल्या जानेवारीत आम्ही कळमेश्वरकडच्या एका वावरात होतो. कापूस वेचून झालेला, आभाळ स्वच्छ. एका रॉकेटाला वाऱ्याने तिरकं नेलं आणि ते धुऱ्याजवळ उभ्या असलेल्या एका गाडीच्या आरशावर आदळलं. आरसा फुटला, दाराला पोचा आला. मी माझ्या खिशातून ४,२०० रुपये दिले. गाडीच्या स्वतःच्या विम्यातून ते निघाले असते, पण मग गाडीवाल्या गृहस्थांचा नो क्लेम बोनस गेला असता, आणि चूक तर आमची होती. ते मात्र पैशांविषयी एक अवाक्षर बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “आरसा काय जी मॅडम, दुकानात भेटते. पन लेकराच्या डोक्यावर पडलं असतं त?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पुढच्या महिन्यात वावराच्या मालकांनी नम्रपणे नाही म्हटलं. एका महाविद्यालयाच्या मैदानासाठी अर्ज केला, तिथे पहिलाच प्रश्न आला, “विमा आहे का?” तेव्हापासून आमची आठ रॉकेटं प्रयोगशाळेच्या कपाटावर पडून आहेत.

मग मी एका विमा कार्यालयात गेले. ‘सार्वजनिक दायित्व विमा’ हवा म्हटल्यावर समोरच्यांनी विचारलं, “कारखाना कुठे आहे तुमचा?” त्यांना दोष देत नाही. या नावाचा १९९१ चा एक कायदा आहे. तो भोपाळच्या दुर्घटनेनंतर घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आला आणि हे शब्द ऐकले की तोच आठवतो. आम्हाला हवं ते त्याहून फार साधं आहे. आपल्या हातून तिसऱ्याच माणसाला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तर भरपाई देणारं संरक्षण. स्कूटर चालवणारा प्रत्येक नागपूरकर ‘थर्ड पार्टी’ म्हणून ते ओळखतो. शाळेतल्या मुलांच्या अपघात विम्याने हे काम होत नाही, कारण तो आपल्या मुलाला काही झालं तर मदत करतो, धुऱ्यावरच्या माणसाला नाही. आणि उडणाऱ्या वस्तूचा विमा ही आपल्याकडे नवलाई राहिलेली नाही. ड्रोन नियम, २०२१ मध्ये अगदी लहान नॅनो ड्रोन सोडले तर बाकीच्यांना थर्ड पार्टी विमा सांगितलेला आहे.

अमेरिकेत हा गुंता कसा सुटला ते सांगते. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडाला आणि तिथली मुलं घराच्या तळघरात मिश्रणं कालवून नळकांडी भरू लागली. अनेकांनी बोटं, डोळे गमावले. नेब्रास्कातल्या एका लहान गावात चपला-बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑरविल कार्लाइल यांनी त्याआधीच, १९५४ मध्ये, कागदी नळीतली छोटी तयार मोटर, म्हणजे रॉकेटाला ढकलणारं बारुदाचं नळकांडं, बनवली होती. रॉकेट अभियंते जी. हॅरी स्टाइन यांनी तिचं मोल ओळखलं, आणि १९५७ मध्येच पुढे ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ झालेली संघटना उभी राहिली. मोटर मुलांनी स्वतः बनवायची नाही. रॉकेट कागद, लाकूड, प्लॅस्टिकचं हवं. पेटवायचं ते बटण दाबून, विजेवर, आणि लहान मोटरीपासूनही किमान १५ फूट लांब उभं राहून. ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वारा असेल तर उडवायचंच नाही. अशी आचारसंहिता त्यांनी घालून दिली.

मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती पुढची गोष्ट. त्या संघटनेच्या सभासदत्वातच दायित्व विमा येतो, आणि आचारसंहिता पाळून रॉकेट उडवलं असेल तरच तो लागू होतो. जागेच्या मालकालाही त्या संरक्षणात घेण्याची सोय आहे. म्हणजे नियम पाळणं सभासदाच्या फायद्याचं, विमा कंपनीला जोखीम मोजता येते आणि वावरवाला निर्धास्त. एकट्यादुकट्या शिक्षिकेला कोणती कंपनी असा विमा देईल? हे क्लबलाच जमतं.

नागपुरात असा क्लब व्हावा, एवढ्यासाठीच हे पत्र. पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे ‘पेसो’चं, मुख्यालय याच शहरात, सेमिनरी हिल्सवर आहे. विस्फोटक नियम, २००८ ची अंमलबजावणी तिथून होते. पाण्याच्या रॉकेटाकडून मुलं साहजिकच बारुदाच्या मोटरीकडे वळतात. शाळांनी आणि क्लबांनी अशा लहान, तयार मोटरी कोणाकडून घ्याव्या, कशा ठेवाव्या, कोणाच्या देखरेखीखाली वापराव्या, याची चार पानांची सोपी मराठी मार्गदर्शिका पेसोने काढावी, ही माझी जाहीर विनंती आहे. इन-स्पेससारखी केंद्र सरकारची अंतराळ क्षेत्रातली संस्था विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेटच्या स्पर्धा घेते. मग शाळेच्या पातळीवरही वाट मोकळी हवी.

कारण वाट मिळाली नाही म्हणून मुलं थांबत नाहीत. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मोबाइलवर बघून रॉकेटचं इंधन म्हणून सोरा आणि साखर गॅसवर गरम करायला घेतली होती. आई वेळेत स्वयंपाकघरात आली म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मैदान बंद केलं की हा खेळ बंद होत नाही, तो ओट्यावर जातो.

आता पैशांचं. विमा कंपनी किती हप्ता सांगेल ते जोखीम पाहून ठरेल. पण समजा वर्षाला ३० हजार रुपये झाले. सभासद २० असतील तर प्रत्येकी १,५०० रुपये पडतात, आणि माझ्या वर्गातले निम्मे विद्यार्थी तिथेच गळतात. त्याऐवजी ५० मोठ्यांनी ४०० रुपये दिले आणि २५० विद्यार्थ्यांनी ४०, तर तेवढेच ३० हजार जमतात. चाळीस रुपये माझ्या वर्गातलं कोणतंही मूल देऊ शकतं. माझा यावर फार जीव आहे, कारण वर्गणी चढली की हा छंद मोजक्या शाळांचा होऊन बसेल. अंकगणित मात्र तेव्हाच जुळतं, जेव्हा सगळ्या शाळा, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि छंद म्हणून रॉकेट बनवणारे नोकरदार एकाच क्लबात येतील. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्या चार आहेत. त्यांपैकी एकीने जरी नागपुरात असा गट विमा करून पाहिला, तरी बाकीच्या शहरांना नमुना मिळेल.

जागेचंही बोलायला हवं. सोनेगावच्या विमानतळापासून लांब, वस्ती आणि वीजतारांपासून दूर, असं एक मोकळं मैदान दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत महिन्यातून एक रविवार मिळालं तरी पुरे. एप्रिल-मे आम्हाला नकोच. तेव्हा वावटळी उठतात, गवत वाळलेलं असतं आणि एक ठिणगी पुरते.

संस्था नोंदणीला किमान सात जण लागतात. धर्मादाय आयुक्त कार्यालयात द्यायचा घटनेचा मसुदा आम्ही लिहायला घेतला आहे. आचारसंहिता त्याचाच भाग राहील. दोन शिक्षक, एक निवृत्त अभियंता, एक पालक आणि मी, असे आम्ही पाच आहोत. अजून दोघं हवे आहेत, त्यातलं एक विम्यातलं जाणकार असेल तर फार बरं. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. कोणी विचारलं तर कृपया त्यांना कळवावा.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, नागपूर