जॉइंटिंग कंपाउंडची सदोष बॅग आणि तारखेवर चिकटवलेला स्टिकर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : जिप्सम बोर्डाचे सांधे भरण्यासाठी घेतलेल्या २० किलोच्या बॅगेबाबत तक्रार

महोदय,

‘कारागिराची वाट पाहू नका, घरच्या घरी करा’ ही तुमची जाहिरात वाचून मी हॉलमधल्या नव्या पार्टिशनसाठी तुमचं जॉइंटिंग कंपाउंड मागवलं. जीआयचा (जस्त चढवलेल्या पत्र्याचा) सांगाडा आणि त्यावरचे १२.५ मिमीचे टेपर्ड, म्हणजे कडेला पातळ होत गेलेले बोर्ड माहीतगार माणसांकडून बसवून घेतले होते. सांधे भरणं, पेपर टेप बसवणं आणि पॉलिशपेपर मारून भिंत रंगाला तयार करणं, एवढं काम माझ्याकडे होतं.

बॅगेवर छापलंय की कालवलेला माल तासभर वापरता येतो. पहिला सांधा निम्मा भरतोय तोच बादलीतला माल आवळायला लागला. माल पसरवायची पत्र्याची पट्टी ओढताना खरखर जाणवली म्हणून बोटांनी चाचपलं, तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गुठळ्या. टेपवरून पट्टी फिरवावी तर टेपच पट्टीबरोबर सरकायची. वाळल्यावर जागोजागी फुगे आले. त्यातला एक कापून टेप उचलली, तर मागची बाजू कोरी करकरीत, कंपाउंडचा कण लागलेला नाही. दारावरच्या सांध्याला उभा तडा गेलाय तो वेगळाच.

तुमच्या प्रतिनिधींनी फोनवर आधी सांगितलं की पाणी जास्त झालं असेल. पाणी जास्त झालं की माल पातळ राहतो आणि आवळायला उलट वेळ लागतो, हे कंपाउंड विकणाऱ्यांना मी सांगायचं? मग म्हणाले, बादली खरकटी असेल. मुद्दा बरोबर आहे. आधीच्या घट्ट झालेल्या मालाचे कण राहिले तर नवा माल झटकन सेट होतो. पण बादली कोरी होती, पाणी पिण्याचं होतं आणि प्रमाण मी काट्यावर मोजून घेतलं होतं. शेवटी सल्ला मिळाला, ‘सर, पीओपीवाल्याला बोलवा.’ मग जाहिरात कुणासाठी केली होती?

त्यानंतर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीची बॅग आणली. शेजारचाच सांधा त्याच पट्टीने, त्याच नळाच्या पाण्याने भरला. टेप बसली, वरचे कंपाउंडचे दोन्ही हात नीट बसले, बाजूने टॉर्च मारला तरी उंचवटा दिसत नाही. माणूस तोच, भिंत तीच, बदलली ती फक्त बॅग.

आता तुमची बॅग. उत्पादनाचा महिना आणि वर्ष आहे तिथे एक पांढरा स्टिकर आहे. त्याचा कोपरा सुटला होता, तो सोलला. खालची मूळ छपाई स्टिकरवरच्या तारखेपेक्षा वर्षाहून जुनी निघाली. जिप्समचा माल पडून राहिला, त्यातून पावसाळा गेला, की हवेतली ओल धरतो आणि त्यातला काही भाग बॅगेतच घट्ट होतो. म्हणजे ज्या खरकट्याचं खापर तुम्ही माझ्या बादलीवर फोडलंत, ते तुमच्या बॅगेत होतं.

वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे वेष्टनावर छापलेला असा तपशील स्टिकर लावून बदलता येत नाही. किंमत कमी करायची असेल तर स्टिकरची मुभा आहे, तीसुद्धा मूळ किंमत न झाकता. स्टिकर गोदामात लागला की वितरकाकडे, ते तुमचं तुम्ही शोधा. बॅगेवर नाव तुमचं आहे.

बॅगेची पूर्ण किंमत, वाया गेलेल्या टेपचे पैसे आणि बिघडलेले सांधे खरवडून पुन्हा भरून घेण्याचा खर्च मला मिळावा. बदली बॅग नको. त्या बॅच क्रमांकाचा माल बाजारातून परत घेतला का, हेही लेखी कळवा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि वैधमापन कार्यालयात तक्रार नोंदवेन आणि गरज पडल्यास पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. उरलेला माल बॅगेसकट जपून ठेवला आहे. तपासायला माणूस पाठवायचा असेल तर आधी फोन करून पाठवा.

आपला,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे

सोबत : बिलाची प्रत, स्टिकर आणि त्याखालच्या छपाईचे फोटो, दोन्ही सांध्यांचे फोटो