गच्ची उघडी, परांची उभी आणि वर पिवळा इशारा

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : पुढील चार दिवसांचा वादळी पावसाचा इशारा आणि इमारतीचे सुरू असलेले काम

महोदय,

प्रादेशिक हवामान केंद्राच्या आजच्या अंदाजात आपल्या जिल्ह्याला उद्यापासून चार दिवस इशारा आहे. तीन दिवस पिवळा, मधला एक नारिंगी. पिवळ्या दिवसांसाठी मजकूर असा : तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, विजांचा कडकडाट, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे. नारिंगी दिवशी वाऱ्याचा आकडा ५० ते ६० वर गेला आहे.

हा अंदाज सोसायटीच्या ग्रुपवर पडताच दोन तट झाले. एका तटाने ‘अतिवृष्टी’ म्हणून तो पुढे पाठवला. दुसऱ्याने ‘तुरळक म्हणजे आपल्याकडे नाही’ असा निकाल दिला आणि समितीतील एका सदस्यांनी त्यावर अंगठा उमटवला. मला दोन्ही पटले नाही. हवामान विभागाच्या भाषेत ‘मध्यम’ म्हणजे २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर. ‘जोरदार’ हा शब्दच ६४.५ पासून पुढे लागतो, अतिवृष्टी तर फार दूर. म्हणजे पाणी तुंबून पार्किंगमध्ये गाड्या बुडतील, ही भीती या चार दिवसांपुरती बाजूला ठेवू. पण ‘तुरळक’चा अर्थही ‘दुसरीकडे कुठेतरी’ असा नाही. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल, एवढेच तो शब्द सांगतो. तो पाव हिस्सा नेमका कोणता, हे ढग उभा राहीपर्यंत कोणालाच ठरवता येत नाही. ज्याच्या डोक्यावर तो ढग येतो त्याला अर्धा-पाऊण तास पुरेपूर मिळतो, आणि शेजारच्या चौकात रस्ता कोरडा असतो.

‘मार्चमध्ये कुठला आलाय पाऊस’ असे आपण परवा लिफ्टजवळ म्हणालात. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्र गारपिटीने झोडपून निघाला होता. हाताशी आलेला गहू-हरभरा आणि द्राक्षाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. २०२३ च्या मार्चमध्येही अवकाळीने राज्याला गाठलेच. या दिवसांत जमीन दुपारपर्यंत तापते, बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे आत येतात आणि वरच्या थरात उत्तरेकडची थंड हवा आली की दुपारनंतर ढग भराभर उंच चढतात. म्हणून हा पाऊस बहुधा सकाळी नाही, चारनंतर येतो.

माझे खरे म्हणणे पुढे आहे. या चार दिवसांत आपल्या इमारतीला भीती पावसाची कमी आणि वाऱ्याची जास्त आहे. आणि आपली सगळी पूर्वतयारी, ती मेअखेरीस होते तेव्हाही, पावसाचीच असते. नालेसफाई, पंप, ताडपत्री. वाऱ्याचे नाव आपल्या यादीत कुठेच नाही.

असल्या ढगातून पाऊस पडायला लागला की त्याबरोबर वरची गार, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. म्हणून थेंब पडण्याआधी एकदम गार झोत येतो, धूळ उडते, दारे आपटतात. आवराआवर करायला हातात पाच-दहा मिनिटे मिळाली तरी नशीब. त्यात वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किलोमीटरला एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोचा रेटा असेल, तर ६० ला तो सतरा किलोच्या आसपास जातो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. शिवाय अंदाजातला वेग जमिनीपासून दहा मीटरवर मोजलेला धरतात. आपला अकरावा मजला त्याच्या तिपटीहून उंच आहे.

आता आपल्याकडे काय उभे आहे ते पाहा. पूर्वेच्या बाजूला रंगकामाची परांची सातव्या मजल्यापर्यंत गेली आहे आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत हिरवी जाळी ताणली आहे. जाळीतून थोडा वारा निघून जातो हे खरे, पण एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर उरलेला रेटाही ती शिडासारखा अंगावर घेते, आणि तो सगळा भार इमारतीला जिथे जिथे परांची बांधली आहे त्या गाठींवर येतो. त्या गाठी शेवटच्या कधी तपासल्या, हे ठेकेदाराला लेखी विचारावे. नारिंगी दिवशी वरच्या मजल्यांवरची जाळी गुंडाळून बांधावी आणि दुपारी तीननंतर कोणालाही परांचीवर चढू देऊ नये. काम चार दिवस लांबेल, लांबू द्या. ठेकेदार कुरकुर करील, त्याची काळजी समितीने घेऊ नये.

फाटकावरचा अभिनंदनाचा फ्लेक्स तर आजच उतरवावा. तीन मीटर बाय दोन मीटरचा तो कापडी चौकोन ६० च्या वाऱ्यात शंभर किलोचा जोर अंगावर घेईल, आणि तो बांधलाय सुतळीने. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली. त्या होर्डिंगच्या आकाराचे आणि बांधणीचे दोष होतेच, पण त्या संध्याकाळी ते पाडले वाऱ्याने. मोसमी पाऊस यायला अजून अवकाश होता. आपला फ्लेक्स त्यापुढे किरकोळ आहे. तरी त्याच्याखालून मुले शाळेच्या बसला जातात.

गच्चीकडे येतो. वॉटरप्रूफिंगसाठी जुना कोबा फोडून ठेवला आहे, स्लॅब उघडा आहे आणि डेब्रिजच्या गोण्या बरोबर पाणी जायच्या तोंडांशी रचल्या आहेत. त्यात हे पानगळीचे दिवस. मागच्या पिंपळाची पाने वाऱ्याने गच्चीवर येऊन त्या तोंडांवरच्या जाळ्यांवर बसली आहेत. जूनमध्ये आपण जाळ्या साफ करतो तेव्हा ती कुजून गेलेली असतात, मार्चमध्ये ती ताजी आणि चिवट असतात. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपली गच्ची चारशे चौरस मीटर धरली आणि एका सरीत पंधरा मिलिमीटर पडले, तर सहा हजार लिटर पाणी त्या उघड्या स्लॅबवर उभे राहील. अकराव्या मजल्यावरच्या सभासदांना हे पत्र वाचायचीही गरज पडणार नाही, छत त्यांना सांगेल. गोण्या उद्या सकाळी खाली उतरवाव्यात, जाळ्या रोज दुपारी एकदा हाताने मोकळ्या कराव्यात. एवढे पुरेल.

याच कामासाठी लाइटनिंग अरेस्टरची (वीजरोधकाची) खाली येणारी पट्टी एका ठिकाणी सोडवून ठेवलेली दिसते. ‘नंतर जोडू’ असे मुकादम म्हणाला. विजांचा इशारा असताना ‘नंतर’ चालणार नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती आधी जोडून घ्यावी, मग बाकीचे काम. आणि चारही दिवस दुपारनंतर गच्ची बंद. कुरडया-पापडांचे दिवस आहेत, काकू-मावशी रागावतील. त्यांना सकाळी नऊ ते दोन ही वेळ द्या, ऊनही तेव्हाच चांगले असते.

पार्किंगच्या शेडचे दोन पत्रे हूक गंजल्यामुळे नुसत्या विटा ठेवून दाबले आहेत, तेही पाहून घ्यावे. झाडांच्या फांद्या छाटायची सूचना ग्रुपवर आली आहे, पण त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ती चार दिवसांत हाती पडणार नाही. तोवर गुलमोहराखाली गाड्या लावू नयेत, एवढी सूचना फलकावर पुरे. बाल्कनीच्या कठड्यावरच्या कुंड्या आत घ्या, हेही त्याच कागदावर लिहावे. पाडवा जवळ आला आहे. हवा अशीच राहिली तर गुढीची काठी कठड्याला दोन ठिकाणी बांधायला सांगावे, कारण वरचा तांब्या सुटला तर तो कोणाच्या डोक्यावर येईल याचा नेम नाही.

शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी मागणी. या सगळ्यासाठी बैठक बोलावू नका. हवामान विभाग तीन-तीन तासांचा तातडीचा अंदाज देतो, विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. तीन तासांच्या इशाऱ्यावर आपली समिती कोरम जमवेपर्यंत ढग पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. तेव्हा या चार दिवसांसाठी कोणा एका व्यक्तीला अधिकार द्या : काम थांबवायचा, माणसे खाली उतरवायचा, गच्ची बंद करायचा. सचिवांना वेळ नसेल तर मी दुपारी घरीच असतो, मी करीन. आणखी एक ध्यानात असू द्या. इशाऱ्याचा दिवस रात्री बाराला संपत नाही. तो सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंत असतो. रात्रपाळीच्या वॉचमनलाही हे सांगितलेले असावे.

कळावे,

आपला,
सभासद, बी विंग, नववा मजला

ता. क. : गच्चीच्या कुलपाची एकच किल्ली आहे आणि ती सध्या ठेकेदाराकडे असते. तो सहाला घरी जातो. दुसरी करून घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावी, खर्च किरकोळ खात्यातून चालेल.