पहिला काटा तुम्ही काढून घेतलात

आदरणीय ऊम,

आफ्रिकान्समध्ये 'ऊम' म्हणजे काका. नामिबियातल्या त्या फार्मवर लहानथोर सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. हे पत्र मालकीणबाई तुम्हाला वाचून दाखवतील, त्यांच्यासाठी मजकूर इंग्रजीत वेगळा पाठवला आहे. तरी मूळ पत्र मराठीत लिहिते आहे. शिकारीच्या त्या दिवशी, जखमी जनावराचा माग काढताना नदीच्या कोरड्या पात्रात बसून तुम्ही जे केलंत, ते माझ्या माणसांना माझ्या भाषेत सांगायचं आहे.

गेम्सबॉकवरचा, म्हणजे लांब सरळ शिंगांच्या त्या आफ्रिकी हरणावरचा, तो बार माझा होता. अंतर १४० मीटर, .३०८ रायफल, १६५ ग्रेनची गोळी, तीन काठ्यांच्या तिकाटीवर टेकवलेली. साधनांत खोट नव्हती. नामिबियाचा कायदा गेम्सबॉकसाठी किमान २,७०० जूल ऊर्जेची गोळी मागतो, ती त्याहून बरीच वर होती. चुकला तो नेम. गेम्सबॉक अंगाने आपल्या नीलगाईएवढा. त्याच्या खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा असतो. तिथे मणक्यांचे काटे लांब वर गेलेले असतात आणि खरा कणा त्यांच्या बराच खाली असतो. काळीज त्याहून खाली, अगदी पुढच्या दोन पायांच्या मध्ये. पाठीची वरची रेघ बघून जो अंगाचा मध्य ठरवतो, त्याची गोळी कण्याच्या वरून जाते. माझीही तशीच गेली.

अशी गोळी माणसाला फसवते. कण्याजवळून धक्का बसला की जनावर दोरी तुटल्यासारखं जागच्या जागी कोसळतं. बघणारे पाठ थोपटायला लागतात. अर्ध्या मिनिटात ते उठतं आणि कळपामागे टेकडीपलीकडे जातं. तुम्ही मात्र तेव्हा एकच शब्द उच्चारलात, "लाय." म्हणजे भर, पुढचं काडतूस भर. आम्ही ते ऐकलं नाही. खाली पडलेल्या जनावरावर नेम धरून उभं राहायचं, दुर्बिणीतून नजर काढायची नाही, हे आता आमच्या हाडात भिनलं आहे.

पुढचं लिहिण्याआधी दोन वर्षांपूर्वीचं थोडं सांगते. देश दुसरा, आयोजक दुसरे. तिथे संध्याकाळी निळ्या विल्डबीस्टवर (गुरासारखं दिसणारं मोठं हरण) बार झाला. गवतावर रक्त होतं, गडद, जवळजवळ काळसर. तिथल्या वाटाड्याने वीस मिनिटं इकडे तिकडे पाहिलं, "गेलं ते" म्हणाला आणि गाडीत बसला. रात्री जेवणाच्या टेबलावर बिलात त्या जनावराची पूर्ण रक्कम लिहिलेली होती. जखमी होऊन हरवलेल्या जनावराचे पैसे द्यावेच लागतात. तो नियम रास्त आहे आणि आम्ही कुरकुर न करता दिले. पण पैसे घेणाऱ्यावर शोधण्याची जबाबदारीही येते. तुम्ही यावेळी रक्ताचे रंग समजावून सांगितलेत तेव्हा कळलं की ते काळसर रक्त यकृताचं होतं. तासभर शांत बसून मग माग काढला असता तर ते जनावर बहुधा काहीशे मीटरवर आडवं पडलेलं मिळालं असतं. कुणी बसलंच नाही. सकाळी कुणी परत गेलंही नाही.

म्हणून गेम्सबॉक टेकडीपलीकडे गेला तेव्हा आम्हा दोघांच्या पोटात गोळा आला. आता हेही 'गेलं ते' म्हणतील, असंच वाटलं.

तुम्ही बार लागला त्या जागेपर्यंत चालत गेलात आणि रक्तावर पाय न देता बाजूला एक काटकी रोवलीत. मला त्या काटकीपाशी उभं केलंत. नवऱ्याला नाही, मला. शेवटचं रक्त दिसलं तिथे एकाने उभं राहायचं आणि माग काढणाऱ्याने पुढे जायचं. पुढचा थेंब सापडला की त्याने हात करायचा, मग मागच्याने पुढे यायचं. माग तुटला तर परत यायला एक पक्की जागा राहते. एवढी साधी गोष्ट, पण सगळे घोळक्याने पुढे धावले की सहा बुटांखाली माग पुसला जातो. आधीच्या ठिकाणी नेमकं तेच झालं होतं.

खोमासची, म्हणजे फार्मच्या त्या डोंगराळ भागाची, जमीन वाळूची असती तर पोरानेही माग काढला असता. ती सगळी खडकाळ, अभ्रकाने चमकणारी, डोळे दिपवणारी. रक्त लाल होतं, पण त्यात फेस नव्हता. फेस असता तर फुप्फुस, हिरवट घाण असती तर पोट. पोटात गोळी असेल तर चार-सहा तास थांबायचं, नाहीतर जनावर उठून मैलोन्‌मैल जातं. हे नुसत्या मांसाचं रक्त होतं. ती जखम थोड्याच वेळात सुकते, म्हणून थांबायचं नाही, पण धावायचंही नाही. गवताच्या काड्यांवर रक्त किती उंचीवर पुसलं गेलंय तेही तुम्ही बोटाने दाखवलंत. जवळजवळ माझ्या छातीएवढ्या उंचीवर. गोळी वर लागल्याचा पुरावा तिथेच होता.

साधारण ४०० मीटरवर रक्त संपलं. खरं काम तिथून सुरू झालं. कळपात नऊ-दहा जनावरं होती. या एकाच्या पुढच्या डाव्या खुराच्या दोन फाका जास्त फाकत होत्या, कारण त्या बाजूने तो भार सांभाळत होता. तुम्ही काठी जमिनीवर धरून एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंतचं अंतर खाच पाडून मोजून घेतलंत. ठसा दिसेनासा झाला की काठीचं टोक शेवटच्या ठशावर ठेवायचं, ती हळूहळू फिरवायची आणि खाच जिथे येईल तेवढ्याच कमानीत पुढचं पाऊल शोधायचं. कुठे उलटलेला खडा, त्याची खालची ओलसर, गडद बाजू वर आलेली. कुठे अभ्रकाचा चुरा झालेली ओळ. ठसा नेहमी आपल्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवायचा म्हणजे सावली आपल्या बाजूला पडते. दहानंतर सूर्य वर आला की सावल्या मरतात आणि जमीन सपाट दिसते. तुमचा वेग तेव्हा निम्म्यावर आला, पण थांबला नाही.

मग एके ठिकाणी नऊ माग डावीकडे गेले आणि एक उजवीकडे, खाली, नदीच्या पात्राकडे. जखमी जनावर कळप सोडतं. तुम्ही आमच्याकडे बघून नुसती मान हलवलीत.

त्या पात्रात, वाळूत, तुम्ही बसलात आणि मला समोर बसायला सांगितलंत. तोपर्यंत साडेचार तास झाले होते. मी वाटभर माफी मागत होते, आणि तुम्हाला माझं इंग्रजी जेमतेम कळत होतं, मला तुमची आफ्रिकान्स नाही आणि तुमची घरची खोएखोएगोवाब तर मुळीच नाही. तुम्ही बोटाने वाळूत गेम्सबॉक काढलात. पाठीची रेघ, वशिंड, चार पाय, वर दोन सरळ शिंगं. शेजारच्या झुडपाचे दोन काटे तोडलेत. ते झुडूप आमच्या बोरीच्याच जातीचं, एक काटा सरळ आणि एक वाकडा. आफ्रिकान्समध्ये त्याला 'जरा थांब' अशा अर्थाचं नाव आहे. पहिला काटा तुम्ही वशिंडात खोचलात आणि माझ्याकडे बोट केलंत. हा तुझा बार. मग पुढच्या पायाच्या रेषेतून बोट सरळ वर नेत, अंगाच्या खालच्या एकतृतीयांशावर दुसरा काटा खोचलात. इथे.

आणि मग पहिला काटा तुम्ही उपटलात आणि फेकून दिलात. वाळूवरचं त्याचं भोकही तळव्याने सपाट केलंत.

ऊम, एवढ्यासाठी हे पत्र आहे. शिकवणारे पुष्कळ भेटले. चूक दाखवून ती तिथेच मिटवणारे तुम्हीच. समोर बसलेल्या बाईला पुन्हा एकदा घोडा दाबायचा आहे आणि तिचा हात थरथरत आहे, हे ओळखून तुम्ही तिच्यासमोर फक्त दुसराच काटा ठेवलात.

गेम्सबॉक पुढे सहाशे पावलांवर बाभळीच्या जातीच्या एका मोठ्या काटेरी झाडाखाली उभा होता, आपल्याच मागाकडे तोंड करून. तुम्ही तिकाटी खाली घेतलीत, मी गुडघ्यावर बसले की जी उंची होते तिला जुळतील असे तिचे पाय फाकवलेत. एरवी ती नवऱ्याच्या उंचीला बांधलेली असते आणि बायका टाचा उचलून नेम धरतात. माझ्या रायफलचा दस्ताही माझ्या हाताला लांब होता, हेही तुम्ही पहिल्याच दिवशी सरावाच्या जागी पाहिलं होतं. दस्ता लांब असला की डोकं मागे जातं, दुर्बिणीच्या कडेला सावली येते आणि नेम बिघडतो. ६० मीटर. दुसऱ्या काट्याची जागा. तो वीस पावलं गेला असेल.

तरी तुम्ही आम्हाला लगेच जवळ जाऊ दिलं नाहीत. गेम्सबॉक पडूनही शिंगं फिरवतो, ती जवळजवळ मीटरभर लांबीची आणि भाल्यासारखी असतात, कुत्री आणि माणसं दोन्ही त्यात गेलेली आहेत. मागून, पाठीच्या बाजूने जायचं आणि लांब काठीच्या टोकाने डोळ्याला स्पर्श करायचा. पापणी हलली नाही तरच पुढे. मग तुम्ही टोपी काढलीत, आणि आम्हीही.

छायाचित्र घाईने उरकलंत, कारण उन्हात कातडं थांबत नाही. आधीच्या ठिकाणी आमचं एक कातडं रात्रभर प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिलं होतं आणि नंतर केस मूठमूठ हातात आले. उष्णतेत जंतू केसांच्या मुळांशी काम करतात, मग कुठलाही कारागीर ते वाचवू शकत नाही. तुमच्या शेडमध्ये मी पाहिलं : कान उलटे काढलेले, ओठ चिरून उघडलेले, नाकाची कूर्चा पातळ केलेली, आणि सगळ्यावर बारीक मीठ बोटभर जाड, एकही घडी न सोडता. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून पुन्हा कोरडं. वाळवणं सावलीत, उन्हात कधीच नाही. रात्री साडेआठपर्यंत तुम्ही तिथे होतात. सकाळी पावणेसहाला निघालेला माणूस.

मांसाबद्दलही लिहायला हवं, कारण आमच्याकडे वाचणाऱ्यांच्या मनात तो प्रश्न येणारच. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ती बंदच राहायला हवी, आपल्याकडे तेवढं रान उरलेलं नाही. नामिबियाची गोष्ट वेगळी. १९७५ पासून तिथे शेतमालकाला आपल्या जमिनीवरच्या बऱ्याच वन्य जनावरांवर अटींसह हक्क आहे, १९९६ मध्ये सामूहिक जमिनींवरच्या गावांनाही तशी सोय झाली, आणि त्यामुळे गुरांसाठी सगळं रान मोकळं करण्याऐवजी कुडू, गेम्सबॉक यांसारखी हरणं राखणं परवडायला लागलं. जखमेभोवतीचं खराब मांस तेवढं कापून टाकलं, बाकी सगळं कामगारांच्या घरी आणि राजधानी विंडहुकच्या खाटकाकडे गेलं. थोड्याचं बिल्टोंग, म्हणजे मसाला लावून वाळवलेलं मांस, झालं. तंतूंच्या दिशेने पट्ट्या, व्हिनेगर, मीठ, मिरी आणि भाजून भरडलेले धणे. तो धण्यांचा वास आला तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे बघून हसलो.

जे कुणी मराठी जोडपं अशा सहलीला जाईल (अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून जाणारी आहेत, आम्हाला माहीत आहेत) त्यांनी पैसे भरण्याआधी शिंगांच्या इंचांबद्दल विचारू नये. दोनच गोष्टी विचाराव्यात : माग कोण काढतो, आणि जखमी जनावराला किती वेळ शोधता? उत्तरात तास सांगणारा माणूस नको. "सापडेपर्यंत, आणि अंधार पडला तर सकाळी पुन्हा" असं म्हणणारा हवा. शक्य असेल तर त्याच्याकडे एखादं छोटं टेरिअर कुत्रंही असावं. आणि बक्षिसी माग काढणाऱ्याच्या आणि कातडं काढणाऱ्याच्या हातात, वेगवेगळ्या पाकिटात द्यावी, मालकामार्फत नव्हे. नामिबियात दक्षिण आफ्रिकेचे रँडही चालतात, नामिबियन डॉलरशी भाव एकास एक.

गोरा मालक, पाहुणे, जाहिरातीतली छायाचित्रं या सगळ्यांत तुमचं नाव कुठेच नसतं. आमच्या छायाचित्रात तुम्ही मध्ये बसला आहात. दोन प्रती पाठवल्या आहेत, एक तुमच्या लेकीसाठी.

आणि ऊम, ती खाच पाडलेली काठी शोधत असाल तर ती गाडीतच आहे. चढणीवर तुम्ही माझ्या हातात दिली होतीत, मी ती मागच्या सीटच्या पाठी, मिठाच्या रिकाम्या पोत्यांखाली ठेवली आणि सांगायची राहिली.

तुमचे,
दोघेही