सुमे, वास येत होता

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही. मनात काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे आणि पुढे वाच. माझं बीपी ठीक, ह्यांचा गुडघा तसाच.

दहावीला गच्चीवर अभ्यासाला बसायचो, तेव्हा रात्री दोननंतर तू नाक दाबायचीस. ‘आला बघ वास!’ मी म्हणायचे, तुला भूमितीचा वास येतो. त्यावरून तू आठ दिवस अबोला धरलास. सुमे, तू खरी होतीस.

डिसेंबरपासून आम्ही सहा जणींनी त्याच गच्चीवर, टाकीच्या आडोशाला, हवा मोजायचं यंत्र लावलंय. पोह्यांच्या डब्याएवढं. आत लेझरच्या उजेडात धुळीचे कण चमकतात, त्यावरून पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा, आकडा येतो. दुपारी तो बरा असतो, मध्यरात्रीनंतर चढायला लागतो आणि पहाटे सगळ्यात वर. थंडीत जमिनीलगतची हवा गार पडते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो. हा धूर देवनारच्या कचऱ्याच्या डम्पिंगचा, ट्रकांचा की कुठल्या भट्टीचा, ते यंत्राला कळत नाही. धुक्यात तर ते आकडा फुगवून सांगतं, म्हणून त्या रात्रींवर मी वहीत फुली मारते.

मला झोपू देत नाही ती सरासरी. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणते. पण सरासरी काढली की दुपारची हवा पहाटेला झाकून टाकते. काकू पहाटे चारला खिडकीशी बसून खोकायच्या, त्या काय सरासरी श्वास घेत होत्या? डॉक्टर म्हणाले धुळीची ऍलर्जी. तुझ्या बाबांनी गाद्या उन्हात टाकल्या, मांजर घालवलं. (त्या मांजरावरून तू मला काय काय बोललीस!) हे पीएम २.५ चे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे. फुप्फुसाच्या टोकाला पोचतात, तिथून रक्तात. दम्यावर थांबत नाही ते, हृदयालाही धरतात.

२०१६ च्या जानेवारीत डम्पिंग पेटलं तेव्हा धूर सगळ्या मुंबईने पाहिला. बाकीच्या रात्री कुणी लिहून ठेवल्या? म्हणून आता दारोदार विचारून लिहिते : कोण खोकलं, कुठल्या पोराला किती वाजता दम्याचा पंप द्यावा लागला.

परवा सोसायटीच्या मीटिंगला खालच्या वहिनी म्हणाल्या, ‘आकडे बाहेर गेले तर इथे फ्लॅट कोण घेणार?’ मी ताडकन बोलले. घरी आल्यावर आठवलं, मुलीच्या लग्नासाठी त्यांनी घर विकायला काढलंय. आणि रात्री पंप लागतो तो त्यांच्याच नातवाला. उद्या त्यांच्याकडे जाणार आहे, काय बोलावं ते सुचत नाही. तू असतीस तर तू बोलली असतीस, तुझं त्या ऐकतात.

काकूंचे जुने केसपेपर अजून ट्रंकेत आहेत का? यंत्राशी जुळवायला नकोत, जुळणारही नाहीत. पण वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहावं असं फार वाटतं. तू हो म्हणालीस तरच लिहीन.

अमितला नोकरी लागल्याचं कळलं, फार आनंद झाला. नागपूरचं घर लावून झालं का? संत्री पाठव.

तुझीच,
शैला