नॉर्थम्बरलँडचा काळा कातळ

हेक्सम, नॉर्थम्बरलँड
१२ जून

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत की तिथे बघण्यासारखं आहे तरी काय. ते फोनवर सांगून संपणारं नाही, म्हणून हे पत्र. नॉर्थम्बरलँड ही इंग्लंडमधली सर्वांत विरळ वस्तीची काउंटी. कुरणं, मेंढ्या, दगडांचे गडगे आणि अखंड वारा. पण किल्ला चढायच्या आधी त्याचा डोंगर वाचावा, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून मी सुरुवात दगडापासून केली आणि मग सगळी काउंटीच उलगडत गेली.

इथल्या काळ्या कातळाला व्हिन सिल म्हणतात. साधारण २९.५ कोटी वर्षांपूर्वी शिलारस जमिनीवर न येता खालच्या थरांमध्येच शिरला आणि तिथेच थिजला. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा उघड्यावर पसरून गार झाला, हा आतल्या आत सावकाश. म्हणून याचे कण जरा मोठे. रंग मात्र तसाच, आणि उभ्या खांबांसारख्या भेगाही ओळखीच्या. वरचे मऊ थर झिजून गेल्यावर हा उघडा पडला: उत्तरेला तुटलेला कडा, दक्षिणेला हलका उतार.

रोमन सम्राट हेड्रियनने इ. स. १२२ मध्ये भिंत बांधायला घेतली, तेव्हा त्याच्या लोकांनी मधल्या पट्ट्यात ती नेमकी या कड्याच्या माथ्यावरून नेली. शत्रूच्या अंगाला कडा, आपल्या अंगाला उतार. जागा निवडणाऱ्याला डोंगर कळत होता, बाबा! ११७ किलोमीटर लांबीची ही भिंत. दर रोमन मैलाला एक चौकी आणि दोन चौक्यांमध्ये दोन बुरूज. स्टील रिगपासून हाउसस्टेड्सच्या ठाण्यापर्यंत मी माथ्यावरूनच चालत गेले. तिथे तुम्ही सगळ्यांत आधी पाण्याची सोय शोधाल, म्हणून सांगते: पावसाचं पाणी दगडी टाक्यांत साठवून तेच सैनिकांच्या शौचकुपांच्या गटारातून सोडलेलं आहे, आणि ती जागा ठाण्याच्या सर्वांत सखल कोपऱ्यात निवडली आहे.

वाटेत सिकॅमोर गॅप ही खिंड लागते. तिथलं एकटं, डेरेदार झाड सप्टेंबर २०२३ मध्ये रात्रीतून दोघा जणांनी कापून टाकलं. गावातले लोक अजूनही त्याबद्दल घरचं माणूस गेल्यासारखं बोलतात. बुंध्याला आता नवे धुमारे फुटले आहेत.

पण मला सगळ्यांत जास्त धरून ठेवलं ते कातळाने नाही, चिखलाने. भिंतीच्या थोडं दक्षिणेला विंडोलांडा नावाचं, भिंतीच्याही आधीचं ठाणं आहे. तिथल्या ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीत १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडत आली आहेत. जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीची! राजाज्ञा नाहीत की जयघोष नाहीत. हिशेब, रजेचे अर्ज, तक्रारी. एका तुकड्यावर मोजे, चपलांचे दोन जोड आणि आतल्या चड्ड्यांचे दोन जोड पाठवल्याचं लिहिलं आहे. पाठवणाऱ्याचं नाव उरलेलं नाही. इथले शिपाई आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सकडून आलेले. त्यांनाही ही थंडी बोचत असणार. आई, ते वाचताना तुझी पार्सलं आठवली आणि मी त्या काचेसमोरून लवकर हललेच नाही.

दुसरं पत्र क्लॉडिया सेवेरा हिचं, ती एका रोमन अधिकाऱ्याची पत्नी. ११ सप्टेंबरला आपला वाढदिवस आहे, तू नक्की ये, असं तिने सुल्पिसिया लेपिडिना या मैत्रिणीला कळवलं आहे. मजकूर लेखनिकाने लिहिला, पण शेवटच्या चार ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. बाईच्या हातचं इतकं जुनं लॅटिन अक्षर जगात फारच थोडं उरलं आहे. जिथे राज्याची सीमा होती, तिथेच एक मैत्रीण दुसरीची वाट बघत होती.

हाच कातळ पूर्वेला समुद्रापर्यंत जातो. बॅम्बरोचा किल्ला त्याच्यावर, लिंडिसफार्न बेटावरची गढी त्याच्यावर. त्या बेटावर ६३५ मध्ये मठ झाला आणि ७९३ मध्ये व्हायकिंगांनी तो लुटला. तिथे जायचा रस्ता दिवसातून दोनदा भरतीखाली जातो. अडकलेल्यांसाठी वाटेत खांबांवर एक खोपटं उभारलं आहे. पुढे फार्न बेटं, तीही याच दगडाची. कड्यांच्या कंगोऱ्यांवर समुद्रपक्ष्यांची दाटी आणि वरच्या मातीत पफिनची बिळं. चोचीत आडवे मासे धरून ते परततात तेव्हा बोटीवर सगळे एकदम बोलायचे थांबतात. आर्क्टिक टर्न मात्र पिल्लं जपायला थेट डोक्यावर टोचे मारतात, टोपी हवीच. इथल्याच दीपगृहातून ७ सप्टेंबर १८३८ ला २२ वर्षांची ग्रेस डार्लिंग वडिलांबरोबर वादळात होडी घेऊन निघाली. फुटलेल्या जहाजावरचे नऊ जण त्या दोघांच्या धाडसामुळे वाचले.

कील्डरच्या जंगलातलं आकाश राहिलंच. तो भाग २०१३ पासून अंधार राखण्यासाठी संरक्षित आहे. जूनमध्ये इथे रात्र धड काळोखी होत नाही, म्हणून ते शरद ऋतूसाठी ठेवलं आहे.

तुम्ही दोघं पुढच्या वर्षी मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत या. त्यानंतर पफिन समुद्रात निघून जातात. बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको: उन्हाळ्यात भिंतीच्या कडेने बस धावते, तिचा क्रमांकच एडी १२२ आहे, म्हणजे इ. स. १२२, भिंतीचं साल. तारखा कळवा, म्हणजे भरतीचं वेळापत्रक बघून लिंडिसफार्नचा दिवस मी ठरवते.

तुमची,
मनू