कौलं चाळणाऱ्याची मजुरी

मडगाव,
मृग लागून आठवडा झाला.

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला बसलो की पेन अडायचं. "बाप्तिस्मा घेऊन वीस वर्षं झाली, तरी राग तोच, हेवा तोच, मग माझा विश्वास खरा कशावरून?" असं विचारलंस. उपदेश करण्याची माझी लायकी नाही. मे महिन्यात काय झालं तेवढं सांगतो.

पावसाआधी कौलं चाळून घेतली. उत्तर कर्नाटकातला एक जण दोन दिवस उन्हात छपरावर होता. शनिवारी संध्याकाळी खाली उतरला, हातपाय धुऊन अंगणात उभा राहिला. मी म्हटलं, "सुट्टे नाहीत रे, सोमवारी ये." पैसे खिशातच होते. पण रविवारी पुरुमेताच्या फेस्ताला जायचं होतं. इथल्या होली स्पिरिट चर्चच्या या सणाला बाजार भरतो, लोक पावसाळ्याची बेगमी करतात. सुकी मासळी, सोलं, मिरच्या. हात आखडता घ्यायला नको, एवढाच माझा विचार.

रविवारी उपासनेत वाचन निघालं बायबलच्या लेवीय पुस्तकातला 19 वा अध्याय. "तुम्ही पवित्र असा." हे वचन तरुण संघात आपण किती घोकलं होतं! त्याचा अर्थ आपल्या लेखी सिनेमा नको, सिगारेट नको, आणि गायनमंडळातल्या मुलींकडे बघायचं नको. (तिसरं तुला कधी जमलं नाही.) पुढचं वाचायची तसदी मात्र घेतली नाही. पुढे काय आहे? शेताच्या कडेचं पीक गरिबाला ठेव. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको. वजनमाप खरं ठेव. आणि 13 व्या वचनात, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. रात्रभर! ज्याचं हातावर पोट, त्याच्या घरी ती रात्र कशी जाते हे देवाला ठाऊक आहे, म्हणून हे पवित्रतेच्या अध्यायात आलं. नव्या करारातल्या पत्रात याकोब तर म्हणतो, अडकवलेली मजुरी ओरडते.

खरं सांगू? एवढं ऐकूनही दुपारी मी बाजारात गेलोच. बांगडे घासाघीस करून घेतले.

सोमवारी तो आला. पैसे मोजले, खिशात घातले, म्हणाला, "मागच्या कोपऱ्यात एक कौल तडकलंय, बघा." रागावला असता तर बरं झालं असतं.

आता तुझा प्रश्न. मला वाटतं, आपण क्रम उलटा धरलाय. इस्राएल लोकांना देवाने आधी मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून सोडवलं, नियमशास्त्र नंतर सीनाय डोंगरावर दिलं. नियम पाळा म्हणजे सोडवीन, असा सौदा नव्हता. तसं असतं तर ते अजून विटाच पाडत बसले असते. तुझा राग गेला नाही म्हणून देवाने तुला टाकलं, असं नाही. पण म्हणून राग राहू दे, असंही नाही. सोडवलेल्या माणसाने गुलामीतल्या सवयी जपायच्या कशाला? पवित्र म्हणजे मूळ अर्थाने वेगळा काढलेला. मी तो अर्थ लोकांपासून वेगळा असा घेतला होता, आणि तो मला सोयीचा होता.

गेल्या आठवड्यात सांकवाळला जाऊन आलो, संत जुझे वाझच्या जागी. आपण संतांपुढे मेणबत्त्या लावणारे नव्हेत, तरी तिथं बसून राहिलो. 1651 मध्ये बाणावलीत जन्मलेला हा धर्मगुरू. डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातलेल्या लंकेत 1687 साली मजुराच्या वेशात गेला. हेर समजून कँडीत कैदेत टाकलं. 1697 ला तिथं देवीची साथ आली, माणसं घरच्या रोग्यांना टाकून पळाली, तेव्हा हा त्यांची शुश्रूषा करत राहिला. 2015 मध्ये त्याला संत घोषित केलं. मी अडकलो तो त्या मजुराच्या वेशाशी. त्याने तो अंगावर चढवला, आणि मला तो घातलेल्या माणसाच्या नजरेला नजर देता येईना.

ते कौल अजून तसंच आहे. खाली बादली ठेवलीय, रात्री टपटप चालते. त्याचा नंबर फोनमध्ये आहे. परवा काढला, आणि परत ठेवून दिला.

वहिनींना सलाम सांग, पोरांना पापा.

तुझाच