बाबा, ती वही जपून ठेवा

मेंफिस, टेनेसी
रविवार, सकाळ

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे आणि तब्येत उत्तम आहे, हे आधी लिहिते, म्हणजे आई पुढचे शांतपणे वाचेल. ऑफिस, डबा, घरमालकीण आणि थंडीचा कोट यांविषयी फोनवर सारे बोलून झाले आहे. बाबा, तुम्ही मात्र फोनवर "बरं आहे" एवढेच म्हणता आणि फोन आईच्या हातात देता, म्हणून हे पत्र अधिक करून तुमच्यासाठी आहे.

त्याआधी आईच्या काळजीचे उत्तर देते. दादाने मेंफिसमधील गुन्ह्यांच्या बातम्या तुम्हाला वाचून दाखवल्या, हे मला कळले. त्या बातम्या खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही, पण गिरगावात वाढलेल्या मुलीला कोणत्या रस्त्याने किती वाजता जावे हे कळते, आणि इथे मी रात्री एकटी कुठेही जात नाही. "क्लबात जातेस म्हणे" असे आई विचारत होती. हो, जाते. महिन्यातून दोनदा, गुरुवारी, माझ्या ऑफिसातील एका साठीच्या बाईंबरोबर त्यांच्या गाडीतून जाते आणि अकराच्या आत परत येते. तिथे लोक पितात हे खरे आहे, मी लिंबूपाणी घेते. मी तिथे ज्यांना ऐकायला जाते ते सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि ते वाजवू लागले की मला तुमच्या मांडीवरची ढोलकी दिसते. हे एकदा नीट सांगितले नाही तर तुम्हाला वाटेल की मुलगी परदेशात जाऊन बिघडली, म्हणून सविस्तर लिहिते.

या शहरात मॅकलेमोर अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. तिथे जिम स्ट्युअर्ट आणि त्यांची थोरली बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांनी कॅपिटॉल नावाच्या जुन्या चित्रपटगृहात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटला होता. दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून १९६१ साली कंपनीचे नाव स्टॅक्स झाले. प्रेक्षकांच्या खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला, आणि स्टॅक्सच्या नादाला जे वजन होते त्याचे श्रेय जाणकार त्या उताराच्या दालनालाही देतात. मूळ इमारत १९८९ साली पाडली. त्याच जागी ती पुन्हा बांधून २००३ साली संग्रहालय उघडले. मागच्या रविवारी मी तिथे चार तास होते.

तिथल्या घरच्या वादकांची गोष्ट तुम्हाला आवडेल. १९६२ साली एका गायकाचे ध्वनिमुद्रण पुढे सरकेना, तेव्हा हाती उरलेल्या वेळात चौघा वादकांनी आपापसांत वाजवायला सुरुवात केली. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स होते, वय १७ वर्षे. त्यांच्याबरोबर गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बासवर लुई स्टाइनबर्ग आणि ड्रमवर अल जॅक्सन होते. त्यातून 'ग्रीन अनियन्स' ही शब्दांवाचूनची रचना निघाली आणि देशभर गाजली. ज्या शहरात काळ्या आणि गोऱ्या माणसांना एका टेबलाशी जेवता येत नव्हते, तिथे हे सगळे एका खोलीत बसून एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहून लय धरत होते. तरीही बाहेरच्या जगाला नावे ठाऊक असत ती गायकांचीच. उत्तरेकडे डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या तबकड्यांवर तर जवळजवळ १९७१ सालापर्यंत वादकांची नावे छापतच नव्हते. हे वाचताना मला तुमची हिरव्या शाईतली वही आठवली. तिच्यात तारीख, स्टुडिओ, चित्रपट, संगीतकार, शिफ्ट आणि मिळालेले पैसे असे सगळे आहे, आणि त्यांतल्या एकाही तबकडीच्या वेष्टनावर तुमचे नाव नाही.

स्टॅक्सचे १९७५ च्या डिसेंबरात दिवाळे निघाले. त्याच शहरात संगीतनिर्माते विली मिचेल यांचा रॉयल स्टुडिओ होता, त्यालाही पुढे ओहोटी लागली. डिस्को आले, मग यंत्रातून ताल काढता येऊ लागला, आणि चाळिशीतल्या पट्टीच्या वादकांना कुणी बोलावेना. तुमच्याकडे नव्वदच्या दशकात एका की-बोर्डात अख्खा ताफा मावू लागला तेव्हा तुमचेही असेच झाले. मी तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी तुम्ही घरी असता याचा मला आनंद व्हायचा, त्याचे कारण मी कधी विचारले नाही.

आता ज्यांच्यासाठी हे सारे लिहिते आहे, त्यांच्याविषयी. १९९८ साली स्कॉट बोमार नावाच्या इथल्या एका तरुण बासवादकाने या जुन्या मंडळींना शोधून एकत्र आणले आणि 'द बो-कीज' हा ऱ्हिदम अँड ब्लूजचा ताफा उभा राहिला. गिटारवर चार्ल्स पिट्स, ज्यांना सगळे स्किप म्हणत. १९७१ सालच्या 'शाफ्ट' या चित्रपटाच्या शीर्षकसंगीतात पायाच्या पेडलने गिटार बोलल्यासारखी वाजते ना, ती त्यांची. स्टुडिओत ते पेडल तपासून पाहत होते, चित्रपटाचे संगीतकार आयझॅक हेज यांनी ते ऐकले आणि तेच वाजवत राहायला सांगितले. तुमच्या चहाच्या सुट्टीत वाजवलेल्या तुकड्याचेही असेच झाले होते. तुम्ही ढोलकीच्या कातड्याची पुडी सुरात आली का ते पाहत होता, अ‍ॅरेंजर काचेपलीकडून धावत आले, आणि आज लग्नाच्या प्रत्येक वरातीत तो तुकडा वाजतो.

ड्रमवर हॉवर्ड ग्राइम्स होते. गायक अल ग्रीन यांच्या कितीतरी गाण्यांचा ठेका त्यांच्या हातचा आहे, आणि तो घट्ट धरून ठेवतात म्हणून विली मिचेल त्यांना बुलडॉग म्हणत. ट्रम्पेटवर बेन कॉली होते. त्यांची हकीकत वाचून मी संग्रहालयातल्या बाकावर बसून राहिले. १० डिसेंबर १९६७ रोजी गायक ओटिस रेडिंग यांचे विमान विस्कॉन्सिनमधल्या गोठवणाऱ्या तळ्यात कोसळले. कॉली तेव्हा २० वर्षांचे होते. आसनाची उशी धरून ते तरंगत राहिले, आणि विमानातल्यांपैकी एकटे वाचले. बरोबर वाजवणारे चार मित्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. १९८९ साली मेंदूतल्या रक्तवाहिनीचे गंभीर दुखणे झाले, त्यातूनही उठून त्यांनी पुन्हा ट्रम्पेट ओठांना लावला. अशा माणसांनी २००४ साली रॉयल स्टुडिओत जाऊन स्वतःच्या ताफ्याच्या नावाने तबकडी काढली, २०११ साली आणखी एक काढली. कुणा गायकाच्या मागे नव्हे, पुढे उभे राहून. पिट्स २०१२ साली गेले, कॉली २०१५ साली आणि ग्राइम्स २०२२ साली. मी इथे पोहोचले तोवर उशीर झाला होता, त्यामुळे त्यांना मी तबकड्यांतूनच ओळखते. पण त्यांच्यानंतर या शहरात असे म्हातारे ताफे जमवणे कुणाला विचित्र वाटत नाही, आणि गुरुवारी मी ऐकते तो असाच एक आहे.

तिथली एक रीत मात्र माझ्या हाताला बसायला सहा महिने लागले, आणि ती तुमच्याखेरीज कुणाला सांगावी हे सुचत नाही. इथले लोक समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी देत नाहीत. आपल्याकडे केरव्यात पहिल्या मात्रेवर टाळी आणि पाचव्या मात्रेवर खाली; भजनात असो की आरतीत, हात आपोआप पहिल्या मात्रेवर येतात. इथे चार मोजायचे, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला हात गप्प ठेवायचे, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला टाळी द्यायची, कारण तिथेच ड्रमवाल्याची काठी स्नेअर नावाच्या छोट्या ड्रमवर पडते. पहिली मात्रा बास आणि पायाचा मोठा ड्रम सांभाळतात, ती माणसाने हाताने सांगायची नसते. पहिल्याच गुरुवारी मी उत्साहाने एकवर टाळ्या वाजवू लागले, तेव्हा शेजारच्या आजींनी माझे मनगट धरले, हसून मान हलवली आणि दोनवर सोडले, पुन्हा धरले, चारवर सोडले. आख्खे गाणे त्यांनी असे शिकवले. याला ते बॅकबीट म्हणतात. प्रार्थनामंदिरातही लोक असेच टाळ्या देतात, अगदी लहान मुलेसुद्धा, कुणी न शिकवता.

यात आणखी एक बारकावा आहे, तो तुम्ही ढोलकी घेऊन करून पाहा. १९६५ साली विल्सन पिकेट या गायकाचे ध्वनिमुद्रण स्टॅक्समध्ये चालू होते. न्यूयॉर्कहून आलेले निर्माते जेरी वेक्सलर यांनी तरुणांमध्ये तेव्हा चालू असलेला नाच स्वतः करून दाखवला आणि दुसऱ्या मात्रेवर भर हवा म्हणून सांगितले. त्यावरून जॅक्सन आणि क्रॉपर यांनी दुसरी व चौथी मात्रा केसभर उशिरा द्यायला सुरुवात केली. लय ढिली पडत नाही, मात्रा मोडत नाही, पण ऐकणाऱ्याला खुर्चीत मागे टेकल्यासारखे वाटते. मी हेडफोन लावून मोजून पाहिले तरी तो उशीर मला पकडता आला नाही. तुम्हाला पहिल्या फेरीतच सापडेल.

बाबा, गिरगावची खोली सोडून डोंबिवलीला जाताना "दोन खोल्यांत चार ढोलक्या कुठे ठेवायच्या" असे मीच म्हटले होते. तुम्ही काही बोलला नाहीत आणि तीन ढोलक्या देऊन आलात. त्या कुणाला दिल्या हेही मी विचारले नाही. हे मला मागच्या रविवारी त्या बाकावर बसल्यावर फार लागले. तुम्हीच मला गोव्यातल्या मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांची गोष्ट सांगायचात. १९५८ साली त्यांनी स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद उभा केला आणि लताबाई व मन्ना डे त्यात गायले. चित्रपटात दुसऱ्यांसाठी वाजवणाऱ्या माणसाने एकदा स्वतःसाठी वाजवले, असे तुम्ही म्हणायचात. ते सांगताना तुमच्या मनात काय येत असेल, हे मला आता कळते. दादरचे व्हायोलिनवाले काका अजून वाजवतात, माझगावचे सॅक्सोफोनवाले अंकल दर ख्रिसमसला फोन करतात, आणि बोंगोवाले काका तर तुमच्याच लोकलच्या मार्गावर राहतात. तुम्ही चौघांनी महिन्यातून एकदा बसावे, एवढेच माझे म्हणणे आहे. कुणाला ऐकवायचे की नाही ते नंतर ठरवा.

आता व्यवहाराचे. दादाच्या खात्यावर एक लाख चाळीस हजार रुपये पाठवले आहेत. त्यातले एक लाख आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आहेत, दोन्ही डोळ्यांचे. एकच करून उरलेले पैसे बँकेत टाकायचे नाहीत. पंचवीस हजार सोसायटीच्या थकबाकीसाठी. राहिलेले पंधरा हजार बाबांचे आहेत आणि ते घरखर्चात मिसळू नयेत. त्यातून ढोलकीच्या दोन्ही पुड्या बदलून घ्या, पुडीवरची शाई जुन्या कारागिराकडूनच भरून घ्या, आणि बोंगोवाल्या काकांना रिक्षाने आणा, त्यांना जिना चढवत नाही. माझी ओढाताण होत नाही, भाडे भरून माझ्याजवळ पुरेसे उरते. ही रक्कम मी कुणाकडून उसनी घेतलेली नाही.

ठाण्याच्या मावशीने सुचवलेल्या स्थळाशी मी दोनदा बोलले. मुलगा सज्जन आहे, त्याच्यात खोट काढावी असे काही नाही. मी दिवाळीपर्यंत वेळ मागितला आहे आणि त्याने तो दिला आहे. मावशीने रागावू नये. आई, मी टाळते आहे असे तुला वाटते, तसे नाही. मला तिथे येऊन, समोर बसून बोलायचे आहे.

आणि येण्याचेच सांगायचे राहिले. व्हिसाचे कागद अडकले आहेत, त्यामुळे बाबांच्या पंचाहत्तरीला मला येता येणार नाही. वकिलांना दोनदा विचारले, आत्ता देश सोडू नका असे ते म्हणतात. दादा सगळे नीट करील, जेवणावळीचे त्याच्याशी बोलले आहे, आणि मी इथे त्या दिवशी सुट्टी घेतली आहे. तुमच्याकडे संध्याकाळ असेल तेव्हा माझी सकाळ असेल. त्या वेळी फोन आईकडे देऊ नका. तो समोर टेबलावर ठेवा आणि ढोलकी घ्या. मी इथून दोन आणि चारवर टाळी देईन, तुम्हाला चालेल तर.

वहीच्या पानांचे फोटो दादाकडून काढून पाठवा, पहिल्या पानापासून, एकही न गाळता. पैशांचा रकाना झाकू नका. मला प्रत्येक गाणे शोधून ऐकायचे आहे आणि तुम्ही कुठे वाजवले आहे ते समासात लिहायचे आहे.

आईला लोणचे मिळाले असे सांगा. बरणी फुटली नाही.

तुमची,
धाकटी